वहीतला 'एक पुडा' आता किती ग्रॅमचा?

गेल्या वर्षी पुतणीच्या वाढदिवसाला बिस्किटांचा केक करायला घेतला. कृती आईच्या वहीतली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिनंच बसवलेली. दहा रुपयांवाले तीन पुडे, दीड कप दूध, दोन मोठे चमचे साखर आणि ईनोचं एक पाकीट. डोळे झाकून करावा असा केक. कुकरमध्ये टम्म फुगला, झाकण काढलं आणि मधोमध खाली बसून रंकाळा तलाव झाला. कडेचा तुकडा तोंडात टाकला तर जिभेवर नुसता सोडा. आई म्हणाली, "तुझा हातच बिघडलाय बघ."

मी कचऱ्यातनं पुड्यांचे कागद काढून वाचले. तिन्ही मिळून २१० ग्रॅम भरत होते. आणि वहीच्या कडेला आईनंच पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, '३ पुडे = ३०० ग्रॅ.' बिस्किटं तीस टक्के कमी, दूध मात्र तेवढंच आणि ईनो तेच पाच ग्रॅमचं. हाताचा काय दोष?

त्या दिवसापासून आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरात 'एक पुडा', 'एक डबा', 'अर्धी पिशवी' ही मापं बंद झाली. सगळंच सारखं आटलं असतं तर केक नुसता लहान झाला असता, बिघडला नसता. पण पाकिटातला जिन्नस आटतो आणि सुटी साखर, गंगावेशीतनं आणलेलं दूध, चमच्यानं घातलेला सोडा जिथल्या तिथं राहतो. प्रमाण मोडतं ते इथं.

आटण्यामागचं कारणही सरळ आहे. पाच आणि दहा रुपये या ठरून गेलेल्या किमती. मैदा, तेल, साखर महागली की पुड्यावरचा आकडा वाढवायचं धाडस कुणी करत नाही, आतलं वजन कमी करतात. पूर्वी बिस्किटं, ब्रेड, लोणी, चहा, खाद्यतेल, आटा-रवा अशा १९ प्रकारच्या मालाला ठरावीक वजनांतच पाकिटं काढायचं बंधन होतं. वजन-मापाच्या नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनं ते उठलं. त्याच्या बदल्यात १ जानेवारी २०२४ पासून पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पैसे पडतात ते छापणं सक्तीचं झालं. पुढं २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटं, बटर, तूप, कंडेन्स्ड मिल्क यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हा काही पुडे उलट जडही झाले. म्हणजे पुडा दोन्हीकडं सरकतो. एकदा बघून पाठ करून चालत नाही.

आधी वही ग्रॅममध्ये आणा

यासाठी काटा लागतो. पाच किलोपर्यंतचा आणि एक ग्रॅमनं पुढं सरकणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. तो खरं बोलतो का हे बघायचं तर रिकामं भांडं ठेवून शून्य करा आणि मापाच्या कपानं २०० मिली पाणी ओता. २०० च्या आसपास दिसलं की झालं. मात्र पाच ग्रॅमच्या खाली हे काटे थापा मारतात. सोडा, यीस्ट, ईनो यांसाठी एकतर मापाचे चमचे वापरा, नाहीतर गुजरीत सोनाराकडं असतो तसला छोटा खिशातला काटा घ्या. मी घेतलाय. घरात चेष्टा होते, पण केक आता खाली बसत नाही.

मग वाटी. वहीतली वाटी कुठली, हा पहिला प्रश्न. ती सापडली तर काठोकाठ पाणी भरून वजन करा. जितके ग्रॅम, तितके मिली. बाजारातला मापाचा कप बहुधा २४० मिलीचा असतो. त्यात चाळून हलक्या हातानं भरलेला मैदा १२० ते १२५ ग्रॅम बसतो, साखर २००, पिठीसाखर साधारण १२०, बारीक रवा १७० च्या आसपास, पातळ तूप २१५ आणि दूध २४५ ग्रॅम.

हे आकडे पुस्तकातले. घरोघरच्या हाताचे आकडे वेगळे निघतात. माझी आई वाटी थेट मैद्याच्या डब्यात खुपसते आणि वर बोटानं दाबते. तिची 'एक वाटी' माझ्यापेक्षा वीस-पंचवीस ग्रॅमनं जड. तिची नानकटाई तिच्या वाटीनंच होते. म्हणून मी एक काम केलं. तिला म्हटलं, "तू नेहमीसारखी कर, मी नुसती बसते." ती वाटी ओतायची आणि मी प्रत्येक वेळी परातीखालच्या काट्यावरचा आकडा टिपून घ्यायची. एका दुपारी सहा कृती ग्रॅममध्ये आल्या. ज्यांची आई, सासू, आत्या अजून करत्या आहेत त्यांनी हे आधी करावं. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

खरी अडचण जुन्या पुड्याची असते. वहीत 'कंडेन्स्ड मिल्क १ डबा' एवढंच लिहिलंय, मग तो कितीचा? फडताळात जुना रिकामा डबा रव्याला किंवा मोहरीला वापरात असेल तर त्याच्यावर छापलेलं बघा. तेही नसेल तर उलटं गणित करा. त्याच कृतीत मैदा ग्रॅममध्ये दिलेला असतो. दुसऱ्या दोन-तीन भरवशाच्या कृतींत मैद्याला तो जिन्नस किती पडतो ते बघा आणि तेच प्रमाण इथं लावा. दहा-वीस ग्रॅम इकडं-तिकडं होईल, पण केक होईल.

पुड्यावर नेमकं काय वाचायचं

निव्वळ वजन. समोर मोठ्या अक्षरात 'नवीन पॅक' लिहिलेलं असतं, वजन मात्र खाली कोपऱ्यात असतं. चष्मा लावून वाचा.

तूप-तेलाला आणखी एक भानगड आहे, आणि ती आटण्याच्याही आधीपासूनची आहे. लिटर म्हणजे किलो नव्हे. एक लिटर तूप भरतं ९०५ ग्रॅम, एक लिटर तेल ९१० ग्रॅम. वहीत 'अर्धा किलो तूप' असेल आणि तुम्ही अर्ध्या लिटरचं पाकीट कापलंत तर पन्नासेक ग्रॅम आधीच कमी पडले. वर आता तेलाच्या पिशव्या ८५० आणि ८०० ग्रॅमच्याही येतात, हातात घेतल्या तर लिटरच्याच वाटतात. केकमध्ये तेल आपण मोजून घालतो म्हणून तिथं बिघडत नाही. महिन्याच्या यादीत मात्र बिघडतं.

अननसाच्या किंवा चेरीच्या डब्यावर पाकासकट वजन असतं आणि आतल्या फळाचं वेगळं. केकला फळाचं वजन धरायचं.

छापलेल्या वजनातही थोडी तूट कायद्याला चालते. ३०० ते ५०० ग्रॅमच्या पाकिटात ३ टक्क्यांपर्यंत, ५०० ग्रॅम ते किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत. म्हणजे ३८० च्या एखाद्या डब्यात ३७० निघालं तर ती चोरी नव्हे. शिवाय डब्याच्या तळाला आठ-दहा ग्रॅम चिकटून राहतंच. कृतीत दूध किंवा सोडावॉटर असेल तर त्यातलंच थोडं डब्यात घालून खळखळून तेच वापरा. तूट तीन टक्क्यांहून फारच जास्त निघाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगता येतं. मी आजवर फोन केलेला नाही, पण नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

मुख्य जिन्नस धरा, बाकीचे त्याच्या मागनं

आता गणित. घाबरू नका, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. कृतीत जो जिन्नस पाकिटातनं येतो आणि ज्याच्यावर पदार्थ उभा आहे तो मुख्य. आज हातात असलेल्या वजनाला वहीतल्या वजनानं भागा. येईल त्या आकड्यानं बाकीचं सगळं गुणा.

बिस्किटांच्या केकचं बघू. २१० भागिले ३०० म्हणजे ०.७. दीड कप दूध म्हणजे ३६० मिली, गुणिले ०.७ केलं की २५० मिली. साखर २४ ग्रॅम होती, ती १७. ईनो ५ ग्रॅमचं साडेतीन. पाकीट फोडून सगळं ओतायची जी सवय आहे ती इथं सोडायची. मी मैदा चाळताना खाली घेते तो कागद घेते, ईनो त्याच्यावर ओतून चार सारखे भाग करते आणि तीन भाग वापरते. ते पावणेचार ग्रॅम होतात. चालतं.

ईनो किंवा सोडा जास्त झाला की केक का बसतो, तेही समजून घेतलेलं बरं. वायू एकदम तयार होतो, मिश्रण वर चढतं, पण त्याला धरून ठेवणारा पिठाचा सांगाडा अजून भाजून घट्ट झालेला नसतो. बुडबुडे फुटतात आणि सगळं खाली येतं. त्यात दूध जास्त झालेलं असलं तर सांगाडा आणखी उशिरा घट्ट होतो. माझ्या रंकाळ्यात ही दोन्ही कारणं होती.

दुसरं उदाहरण बिनअंड्याच्या साध्या केकचं. श्रावणात आणि गणपतीत माझ्याकडं त्याचीच मागणी. जुनी कृती अशी: कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, मैदा २५०, बटर १००, सोडावॉटर २०० मिली, बेकिंग पावडर दीड चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. आता डबा ३८० चा मिळतो. ३८० भागिले ४०० म्हणजे ०.९५. मैदा २३८, बटर ९५, सोडावॉटर १९०. पावडर आणि सोड्याचे चमचे सपाट भरा, त्यापलीकडं हात लावू नका. पाच टक्क्यांसाठी चिमूट-चिमूट मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

खरं सांगायचं तर हा केक ३८० च्या डब्यात जुन्या मापानंही होतो, जरा कमी गोड आणि थोडा कोरडा. पण आमच्याकडं ज्यांनी आठ वर्षं तोच केक खाल्लाय त्यांना ते लगेच कळलं. एक काकू म्हणाल्या, "ह्यावेळी जरा पाव झालाय गं." तेव्हापासून मैदा कमी करते.

अंड्याच्या केकमध्ये गुणाकार करताना 'पावणेतीन अंडी' असा आकडा येतो आणि लोक तिथंच थांबतात. अंडी फोडून फेटा, वजन करा, लागतील तेवढी घ्या. कवचाबाहेरचं एक अंडं ४५ ते ५० ग्रॅमचं धरा. उरलेलं सकाळच्या ऑम्लेटात.

कुठं फरक पडतो, कुठं नाही

कोको, सुकामेवा, चॉकलेटचे तुकडे, टुटीफ्रुटी कमी पडली तर विसरून जा. चीजकेकच्या तळाला बिस्किटाचा चुरा वीस ग्रॅम कमी असला तर थर पातळ होतो, बस. तिथं बटर मात्र त्याच हिशेबानं कमी करा, २०० ग्रॅम चुऱ्याला ८० ते १०० ग्रॅम या प्रमाणात. नाहीतर तळ तेलकट होतो आणि फ्रिजमध्ये दगड बनतो.

पावाला आणि ब्रेडला मैदा शंभर धरून बाकी सगळं टक्क्यांत लिहायची बेकरीवाल्यांची पद्धत आहे. तीच वापरा: पाणी ६० ते ६५ टक्के, मीठ दीड ते दोन, कोरडं इन्स्टंट यीस्ट साधारण एक. पाकीट कितीचंही असो, भानगडच उरत नाही.

भांडं बदलायचं की नाही

मिश्रण दहा टक्क्यांपर्यंत कमी झालं तर भांडं तेच ठेवा आणि दोन-तीन मिनिटं आधी सुरी खुपसून बघा. त्याहून कमी झालं तर तेच भांडं वापरल्यानं केक चपटा होतो आणि कडा वाळतात.

गोल भांड्याचं गणित व्यासाच्या वर्गावर चालतं, आणि इथं बऱ्याच जणी फसतात. आठ इंची आणि सात इंची भांड्यात एक इंचाचाच फरक दिसतो. पण आठाचा वर्ग ६४, साताचा ४९. म्हणजे सात इंची भांड्यात आठ इंचीच्या तीन-चतुर्थांशच माल मावतो. सहा इंचीत (वर्ग ३६) निम्म्याच्या जरा वर. माझा बिस्किटांचा केक ०.७ वर आला, म्हणून तो आठ इंचीतून सात इंचीत गेला आणि उंची जवळपास पहिल्यासारखी आली. कुकरमध्ये करत असाल तर तळाला मीठ किंवा वाळू घालून दहा मिनिटं आधी तापवायचं ते तसंच. वेळ पाच-सात मिनिटं कमी धरा.

भरपाई की दुसरा पुडा

केकची ऑर्डर अर्ध्या किलोची असते आणि ती ४७५ ग्रॅमची देता येत नाही. गिऱ्हाईकाचा काटा आपल्यापेक्षा बरोबर असतो. अशा वेळी वीस ग्रॅमसाठी दुसरा डबा फोडू नये, भरपाई करावी.

कंडेन्स्ड मिल्क २० ग्रॅम कमी असेल तर साखर ९ ग्रॅम, दुधाची पावडर ६ ग्रॅम आणि ५ मिली गरम पाणी एकत्र घोटून घाला. डब्यातल्या दुधात साखर, दुधाचे घटक आणि पाणी साधारण याच हिशेबात असतात.

बटर कमी पडलं तर तूप चालतं, पण ग्रॅमला ग्रॅम नाही. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, बाकी बरंचसं पाणी. तूप जवळपास नुसता स्निग्धांश. म्हणून २५ ग्रॅम बटरच्या जागी २० ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध. बटर खारं असेल आणि तुम्ही तूप घातलंत तर चिमूटभर मीठही टाका, नाहीतर चव सपाट होते.

फ्रेश क्रीमचं पाकीट २५० मिलीऐवजी २०० चं आलं तर ३५ मिली दुधात १५ ग्रॅम बटर वितळवून मिसळा. हे मिश्रणात किंवा गनाशमध्ये, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या लेपात, चालतं. फेटून फुगवायला मात्र चालत नाही, तिथं हट्ट करू नका. गनाशला खरं तर भरपाईचीही गरज नसते. चॉकलेटची लादी ४०० ग्रॅमची निघाली तर क्रीम २०० घ्या, ५०० ची निघाली तर २५०.

साखर कमी असेल तर गूळ घालू का, असं कोल्हापुरात कुणीतरी विचारतंच. घाला की. पण गुळात ओल असते आणि रंग गडद येतो. पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत काही होत नाही, त्याच्या वर गेलात तर दूध चमचाभर कमी करा आणि गूळ किसून, गाळून घ्या. गुऱ्हाळावरच्या गुळात चिपाडाचा कण निघतोच. व्हॅनिलाऐवजी वेलदोडा घातला तर तो केक वेगळाच छान लागतो.

माझा हिशेब साधारण असा आहे. तूट पाच टक्क्यांच्या आत असेल तर दुर्लक्ष. पाच ते बारा टक्के असेल तर भरपाई. त्याच्या वर गेली तर सगळी कृती गुणून लहान करायची, नाहीतर दोन पुडे आणून मोठी करायची आणि जास्तीच्या मिश्रणाचे कपकेक भाजून पोरांच्या डब्यात.

बाजारात

मैदा, साखर, रवा मी लक्ष्मीपुरीतनं सुटा आणते. सुट्या मालाचा किलो हा किलोच असतो. पावसाळ्यात सुटा मैदा जास्त भरू नका, सोंडे होतात. आणला की चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. बेकिंग पावडर मात्र सुटी कधीच घेत नाही, ती हवेतली ओल खाते आणि मरते. गरम पाण्यात चिमूटभर टाकून फसफसली नाही तर फेकून द्या.

पाकीट घेताना दर ग्रॅमचा भाव बघा. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही. कधीकधी दहा रुपयांचे पाच पुडे एका मोठ्या पुड्यापेक्षा परवडतात. आणि वहीत नुसते ग्रॅम लिहून थांबू नका, शेजारी पाकिटाचं वजन आणि तारीख लिहा. माझ्या वहीत आता असं दिसतं: 'डबा ३८०, नोव्हेंबर २५'. पुढचा डबा आणला की तेवढाच आकडा तपासायचा.

दिवाळीच्या नानकटाईला आम्ही अजून पीठ घरी मळतो आणि भाजायला गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत देतो. मैदा एक किलो, वनस्पती तूप अर्धा किलो, पिठीसाखर अर्धा किलो, वेलची. गेल्या दिवाळीत तुपाची पिशवी ४५० ग्रॅम भरली. किलोभर मैद्याला ती पुरली नसती. गोळा वळत नाही म्हणून बायका दुधाचा हात लावतात आणि मग नानकटाई विरघळायची सोडून बिस्किटासारखी कडक होते, कारण ओल लागली की मैद्याला चिवटपणा येतो. म्हणून मी मैदा ९०० वर आणला, साखर ४५०. डबा उचलून बेकरीत गेले. नानकटाई झाली एकदम झकास, वरती बारीक भेगा, तोंडात टाकली की गायब. बेकरीवाल्या मामांना सांगितलं, "ह्यावेळी नऊशेचंच पीठ आहे." त्यांनी डबा हातात तोलून बघितला, हसले, आणि भाजणावळ किलोचीच घेतली.